टीमवर फॅनफिक लिहायचंय? जस्टिस लीग, अ‍ॅव्हेंजर्स, एक्स-मेन की टायटन्स

फॅनफिक म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. एकट्या नायकावर दोन-चार वन-शॉट, म्हणजे एकाच प्रकरणात संपणाऱ्या कथा, लिहून झाल्या, हात बसला, की बहुतेकांना टीम खुणावू लागते. मग प्रश्न पडतो, कुठली घ्यायची? नव्याने लिहिणारे मला हे विचारतात तेव्हा बऱ्याचदा उत्तर त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असतं. ‘मला वुल्व्हरिन आवडतो, म्हणून एक्स-मेन.’ अशी निवडलेली टीम तिसऱ्या प्रकरणात हमखास अडते, कारण तोवर बाकीचे सगळे वुल्व्हरिनच्या मागे उभे राहण्यापुरते उरलेले असतात.

मी टीम निवडताना एकच गोष्ट आधी बघते. मारामारी संपली, खलनायक पकडला गेला, मलबा उपसून झाला. आता ही माणसं आपापल्या घरी का जात नाहीत? या प्रश्नाचं प्रत्येक टीमचं उत्तर वेगळं आहे आणि तुमची गोष्ट त्या उत्तरातूनच निघते. (फँटॅस्टिक फोरना मी मुद्दाम बाहेर ठेवलंय. 1961 पासून ते नात्यागोत्याने बांधलेलं कुटुंबच आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न उभाच राहत नाही.)

जस्टिस लीगचं उत्तर सरळ आहे: ते घरी जातात. 1960 मध्ये लीग पहिल्यांदा छापली गेली तेव्हा त्यात सात जण होते आणि सातहीजण आपापलं जग घेऊन आले होते. सुपरमॅनचं मेट्रोपोलिस, बॅटमॅनचं गॉथम, अ‍ॅक्वामॅनचं अटलांटिस. लीग हे त्यांचं कामाचं ठिकाण. म्हणून इथे चांगल्या जमतात त्या सहकाऱ्यांच्या गोष्टी: कोण कुणाचं खरं नाव जाणतो, कोण कुणाच्या शहरात न विचारता पाऊल टाकतो, मतभेद झाल्यावर शब्द कुणाचा चालतो. संवाद लिहायची आवड असेल तर ही टीम भरभरून देते. अडचण ताकदीची आहे. सुपरमॅन प्रसंगात असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? मग दर वेळी त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट दगड काढा, नाहीतर जादू आणा, नाहीतर त्याला दूर कुठेतरी पाठवा. वाचकांनी हे इतक्यांदा वाचलंय की दुसऱ्या परिच्छेदातच त्यांना वास येतो. लीगवर लिहायचंच असेल तर मी मार्शियन मॅनहंटरकडे बोट दाखवेन. त्याचं जग संपलेलं आहे, त्याची माणसं गेलेली आहेत. बाकीचे घरी जातात तेव्हा तो लीगच्या तळावर, वॉचटॉवरवर मागे राहतो, आणि आगीपुढे त्याची सगळी ताकद लुळी पडते. कामाच्या ठिकाणी राहायला असलेल्या या एकट्या जीवाभोवती अख्खी टीम उलगडता येते.

अ‍ॅव्हेंजर्सचं उत्तर डळमळीत आहे आणि तीच त्यांची गंमत आहे. पहिल्या अंकावर सप्टेंबर 1963 ची तारीख आहे. दुसऱ्याच अंकात हल्क सोडून गेला. चौथ्यात बर्फात गोठलेला कॅप्टन अमेरिका सापडला. सोळाव्यापर्यंत, म्हणजे 1965 मध्ये, संस्थापक सगळेच बाहेर पडले. मागे उरला कॅप्टन, आणि त्याच्या हाताखाली तिघे: हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच. तिघांच्याही नावावर आधीचे गुन्हे. ही टीम सतत मोडते आणि सतत जुळते. त्यामुळे ‘आज कोण थांबलं?’ हा प्रश्न इथे आपोआप तयार होतो, तुम्हाला ओढूनताणून आणावा लागत नाही.

2012 च्या चित्रपटानंतर मात्र या टीमच्या फॅनफिकला एक वेगळंच वळण लागलं. सगळे अ‍ॅव्हेंजर्स टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, टॉवरमध्ये एकत्र राहतात, प्रत्येकाला एकेक मजला, रात्री सगळे मिळून सिनेमा बघतात. पडद्यावर असं एकत्र बिऱ्हाड दाखवलेलं नाही. ते वाचक-लेखकांनी मिळून थाटलं आणि इतकं रुजवलं की अनेकांना ते कॅननच, म्हणजे मूळ अधिकृत कथाच, वाटतं. ऊब हवी असेल तर या घरात खुशाल शिरा, वाचकही भरपूर भेटतील. पण तिथे गर्दी आहे. तुमचा टॉवर इतरांच्या टॉवरपेक्षा वेगळा कसा, याचं उत्तर पहिल्या पानावर द्यावं लागतं. आणि एक खूण सांगते: जार्व्हिस. कॉमिक्समध्ये तो हाडामांसाचा बटलर आहे, चित्रपटात तो टोनीने घडवलेला संगणकातला आवाज आहे. तुमच्या गोष्टीत जार्व्हिस चहाचा ट्रे घेऊन आला की छतातून बोलला, यावरून वाचक पहिल्या ओळीतच ओळखतो की तुम्ही कुठल्या कॅननमध्ये आहात. ते ठरवल्याशिवाय लिहायला बसू नका.

एक्स-मेन त्याच महिन्याच्या तारखेचे, सप्टेंबर 1963. पण त्यांचं उत्तर पार वेगळं. जायला दुसरी जागाच नाही. बाहेरचं जग त्यांना जन्मजात शक्तींमुळे नाकारतं आणि प्रोफेसर झेवियरची शाळा हे एकच दार उघडं आहे. एकाच वेळी ते घर आहे, वर्ग आहे आणि छावणीही आहे. 1970 ते 1975 मध्ये एक्स-मेनच्या मासिकात जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या, इतकी त्याची अवस्था वाईट होती. मग 1975 मध्ये स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस, वुल्व्हरिन अशी देशोदेशीची माणसं आली आणि पुढची 16 वर्षं ख्रिस क्लेअरमाँट यांनी ती लिहिली. टीमच्या फॅनफिकमध्ये आपण आज जे शोधतो, म्हणजे दोन मारामाऱ्यांच्या मध्ये दोन पानं निवांत बसून बोलणारी माणसं, ते त्या वर्षांत ठासून भरलेलं आहे.

एकच उदाहरण देते, कारण मी स्वतः टीमवर लिहायला शिकले ती याच प्रसंगावरून. रोग 1981 मध्ये खलनायिका म्हणून आली. तिच्या त्वचेचा स्पर्श झाला की समोरच्याची शक्ती आणि आठवणी तिच्यात उतरतात, आणि कॅरल डॅनव्हर्स या नायिकेचं सगळं तिने असंच ओरबाडून घेतलेलं होतं. 1983 मध्ये ती एक्स-मेनच्या दारात उभी राहते, कारण डोक्यातली ती दुसरी बाई तिला झोपू देत नाही. घरात सगळ्यांचा विरोध. कॅरल त्यांची मैत्रीण आहे, त्याच छताखाली आहे. तरी झेवियर तिला ठेवून घेतात. आता बघा, इथे एकही खलनायक नाही, एकही इमारत कोसळत नाही, आणि तरी घरातल्या प्रत्येकाला काहीतरी ठरवावं लागतं. जेवणाच्या टेबलावर तिच्या शेजारी कोण बसणार? हातमोजे घातलेल्या हाताने तिने पुढे केलेली ताटली कोण घेणार? मी यावर सहा प्रकरणं लिहिली आणि मला मारामारीचा एकही प्रसंग लागला नाही.

या टीमचं ओझंही तितकंच आहे. मृत्यू, पुनर्जन्म, भविष्यातून आलेली मुलं, एकमेकींच्या प्रतिकृती. सगळं वाचून मगच लिहीन म्हणाल तर लिहिणं होणारच नाही. एक कालखंड कापून घ्या, प्रस्तावनेत तो स्पष्ट सांगा आणि त्याबाहेरच्या गोष्टींना हात लावू नका. वाचक हे आनंदाने मान्य करतात. त्यांना राग येतो तो अर्धवट मिसळीचा.

टीन टायटन्स 1964 चे, सुरुवातीला मोठ्या नायकांचे धाकटे साथीदार रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड एवढेच. 1980 मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी सायबॉर्ग, स्टारफायर आणि रेव्हन आणून टीमला आजचा चेहरा दिला. त्यांचं उत्तर असं: घरी गेलं की पुन्हा कुणाचा तरी धाकटा व्हावं लागतं. म्हणून ते परत जात नाहीत. रॉबिन 1984 मध्ये नाइटविंग होतो, तोही याच टीममध्ये. मोठं होणं हाच इथला धागा आहे आणि तो कुठल्याही प्रसंगाला जोडता येतो.

2003 ते 2006 ची अ‍ॅनिमेटेड मालिका नवख्यासाठी तर फारच सोयीची. पाच जण, एक इंग्रजी टी आकाराचा टॉवर, 65 भाग आणि एक टीव्ही-चित्रपट. एवढंच कॅनन. महिन्याभरात बघून होतं. शेवटच्या भागात बीस्ट बॉयला टेरासारखी, म्हणजे आधी दगड झालेल्या त्यांच्या जुन्या साथीदारासारखी, दिसणारी मुलगी भेटते, ती खरंच टेरा आहे का याचं उत्तर मिळत नाही, आणि मालिका तिथेच संपते. इतका मोठा उघडा दरवाजा कुठल्याच टीमने लेखकांसाठी सोडलेला नाही. पाच हा आकडाही महत्त्वाचा आहे. पाच जण एका खोलीत बोलते ठेवता येतात. आठ नाही.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या अ‍ॅव्हेंजर्स कथेत बैठकीचा एक लांब प्रसंग होता, खोलीत आठ जण. एका वाचक मैत्रिणीने विचारलं, ‘व्हिजन खिडकीपाशी उभा होता ना? तो नंतर कुठे गेला?’ मी शोधलं. तीन हजार शब्द तो खिडकीपाशीच उभा होता, मुकाट. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तसं झालं होतं. तेव्हापासून प्रसंग लिहिण्याआधी मी कागदावर उतरवते की खोलीत कोण आहे आणि प्रत्येकाच्या हातात काय आहे. ज्याच्या हातात काहीच सुचत नाही त्याला खोलीबाहेर काढते. लीग आणि अ‍ॅव्हेंजर्सना हे दर प्रसंगाला करावं लागतं, एक्स-मेनना शाळा मोठी असल्यामुळे कमी, टायटन्सना जवळपास नाहीच.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जिच्यावर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. तू की तुम्ही? इंग्रजीत एकाच शब्दात काम भागतं, आपल्याला मात्र पहिल्या संवादातच निवड करावी लागते आणि ती केली की नातं उघडं पडतं. रॉबिन बॅटमॅनला ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’? ‘तुम्ही’ म्हणाला तर तो शिष्य, ‘तू’ म्हणाला तर मुलगा. ज्या दिवशी तो भांडताना पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो, त्या दिवशी काय झालं हे वेगळं सांगायची गरज उरत नाही.

या कसोटीवर एक्स-मेन सगळ्यांत श्रीमंत निघतात. सगळी शाळा झेवियरना ‘तुम्ही’ म्हणते, आणि मॅग्नेटो, त्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू, त्यांना ‘तू, चार्ल्स’ म्हणतो. जुनी मैत्री एका सर्वनामात बसते. सायक्लॉप्ससारखा झेवियरचा जुना विद्यार्थी वयाने मोठा झाल्यावर, स्वतः टीम चालवायला लागल्यावरही ‘तुम्ही’च म्हणत राहतो का, यावर एक अख्खी गोष्ट होईल. लीगमध्ये सगळे बरोबरीचे, तिथे सरसकट ‘तू’ चालतं, पण नव्याने आलेल्याने पहिला ‘तू’ कधी म्हणायचा यात नाट्य आहे. अ‍ॅव्हेंजर्समध्ये थोर हा देव, म्हणून त्याला ‘तुम्ही’ म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी म्हणत नाही, कारण मग टोनीचं त्याच्याशी भांडण रंगत नाही. टायटन्स आपापसांत ‘तू’च म्हणणार, फक्त स्टारफायर परकी भाषा शिकून आलेली, ती जरा जड, पुस्तकी बोलेल. तिच्या तोंडी ‘मित्रा, आपण आनंदी का नाही आहात?’ असं वाक्य दिलं की मराठीतही ती तिचीच वाटते.

वाचकांचं म्हणाल तर टीमच्या कथेला दोन प्रकारचे वाचक येतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. काहींना जोडी हवी असते, काहींना अख्खं घर. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या संकेतस्थळावर दोन नावांमधली तिरकी रेघ (/) प्रेमाचं नातं सांगते आणि अँडची खूण (&) मैत्रीचं किंवा घरचं. टीमवर लिहिताना ही दुसरी खूण मनापासून वापरा. आणि दहा पात्रांचे टॅग लावून तिघांनाच बोलू देऊ नका. एखादी वाचक फक्त नाइटक्रॉलरसाठी आलेली असते, आणि तिला तो दारातून डोकावून गेलेला मिळतो. तिचा हिरमोड मी कमेंटमध्ये वाचलेला आहे, माझ्याच कथेखाली.

तर निवड. पहिलीच टीम-कथा असेल आणि हाताशी थोडाच वेळ असेल, तर टायटन्स, अ‍ॅनिमेटेड कॅनन, टेराच्या प्रश्नापासून सुरुवात. लांब, संथ, माणसांची गोष्ट लिहायची असेल आणि वाचायची तयारी असेल, तर एक्स-मेन, पण एकच कालखंड. मला स्वतःला हीच टीम सगळ्यांत जवळची वाटते आणि ते मी लपवत नाही. लवकर वाचक मिळावेत असं वाटत असेल तर अ‍ॅव्हेंजर्स. त्यातही टॉवर सोडून 1965 ची ती चौकडी घ्या, तिच्यावर तुलनेने कमी लिहिलं जातं आणि तीन माजी गुन्हेगारांना सांभाळणारा कॅप्टन हा विषय अजून संपलेला नाही. जस्टिस लीग मी पहिल्यांदा सुचवणार नाही. दोन-तीन कथा झाल्यावर तिकडे जा.

तरीही दोन टीममध्ये मन अडकलंच, तर एक छोटा प्रसंग दोघींना लावून बघा. रात्रीचे तीन. स्वयंपाकघरात एकच दिवा. कुणीतरी एकटंच मोहिमेवरून परतलंय, एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टी बांधायचा प्रयत्न चाललाय, गाठ बसत नाहीये. दुसरं कुणीतरी पाणी प्यायला म्हणून आत येतं. पाचशे शब्द लिहा, एका टीमसाठी आणि मग दुसऱ्या टीमसाठी. लीगमध्ये बहुधा आत येणारा कुणी नसतोच, फार तर भिंतीतून मार्शियन मॅनहंटर. अ‍ॅव्हेंजर्समध्ये आलेला माणूस आधी थट्टा करेल. एक्स-मेनमध्ये तो काही न बोलता गाठ मारेल आणि पुन्हा झोपायला जाणार नाही. टायटन्समध्ये पाच मिनिटांत सगळे पाचही जण जागे होऊन तिथे जमलेले असतील. यातलं जे लिहिताना पुढचं वाक्य तुम्हाला शोधावं लागलं नाही, ती तुमची टीम.