माउंट रॉस्किल ते शहर, शेअर्ड पाथवरून आठ महिने : रस्ता झकास, काचा फुकट

सोमवारी सकाळी पावणेआठला किंग्जलंडच्या अलीकडे सायकलचं मागचं चाक बसलं. फेब्रुवारीपासूनचं हे पाचवं पंक्चर. नऊची मीटिंग होती, पाऊस भुरभुरत होता, आणि टायरमधून उपटून काढला तो बिअरच्या बाटलीचा हिरवा तुकडा, साबुदाण्याएवढा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला चालणारे आणि सायकलवाले मिळून वापरतात त्या या रस्त्याबद्दल चांगलं लिहायचं गेले कित्येक महिने मनात होतं. आता रागात लिहितेय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

ऑकलंडकरांना रस्ता माहीतच आहे, त्यामुळे नकाशा काढत बसत नाही. मायोरो स्ट्रीटपाशी मोटरवेच्या कडेने चढायचं, ॲलन वूड रिझर्व्हमधून टे व्हिटिंगा पूल, न्यू नॉर्थ रोड ओलांडून रेल्वेवरचा सोल्याक पूल, युनिटेकच्या मागून ओकली क्रीकवरचा आल्फर्ड पूल, ग्रेट नॉर्थ रोड, आणि मग सोळा नंबर मोटरवेला चिकटून वेस्टर्न स्प्रिंग्ज, किंग्जलंड, न्यूटन करत गुलाबी रंगवलेल्या सायकलच्या पट्ट्यावरून थेट शहरात. साधारण अकरा किलोमीटर. मला जाताना पन्नास मिनिटं लागतात आणि येताना पंचावन्न. चढ दोन्हीकडे सारखेच वाटतात, पण संध्याकाळी पाय आपले राहिलेले नसतात.

यातला वॉटरव्ह्यूचा तुकडा, म्हणजे ॲलन वूडपासून ग्रेट नॉर्थ रोडपर्यंतचा, २०१७ साली बोगद्याबरोबर झाला. गाड्यांना २.४ किलोमीटरचा बोगदा मिळाला, तिथे सायकल चालत नाही, म्हणून आपल्याला वरून हा रस्ता. सौद्यात आपलाच फायदा झाला असं माझं प्रामाणिक मत आहे. खाली लोक दिवे बघत बसतात आणि आपण जवळजवळ नव्वद मीटर लांबीच्या आल्फर्ड पुलावरून झाडांचे शेंडे बघत जातो. पहिल्या आठवड्यात मी त्या पुलावर रोज थांबायचे. आता थांबत नाही, वेग मात्र आपोआप कमी होतो.

तर काचा. अख्ख्या अकरा किलोमीटरमध्ये त्रासाचा भाग फार तर दीड किलोमीटर, वेस्टर्न स्प्रिंग्ज आणि न्यूटनच्या मधला. वरून पूल जातात, बाजूला मोटरवेची भिंत, आणि शनिवारी रात्री कुणाला तरी बाटली फोडून बघायची असते. मोठे तुकडे दिसतात, ते चुकवता येतात. ते चाकांखाली भरडून झालेला चुरा दिसत नाही, आणि पंक्चर तोच करतो. मुलुंडला आमच्या गल्लीत बाटली अशी फुटायला शिल्लकच राहत नसे, त्याआधी ती भंगारवाल्याच्या पोत्यात गेलेली असायची. इथे रिकाम्या बाटलीला किंमत नाही. ऑस्ट्रेलियात बाटली परत केली की दहा सेंट मिळतात. इथे तशी योजना येणार होती, ती सरकारने २०२३ मध्ये पुढे ढकलली. दहा सेंटांसाठी मी स्वतः पोतं घेऊन फिरले असते, यात मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

पहिली दोन पंक्चरं दुकानात काढली. प्रत्येकी ३५ डॉलर. दुसऱ्यांदा पैसे देताना हात थरथरला. त्यानंतर यूट्यूब बघून स्वतः शिकले. ठिगळ लावायचं म्हणून बाथरूमच्या बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसले, तेव्हा नवरा दारात उभा राहून म्हणाला, "स्टेशनबाहेरच्या पंक्चरवाल्याचं घमेलं तेवढं मागवू या का?" ठिगळ काही टिकलं नाही. शेवटी १२ डॉलरची नवी ट्यूबच घातली.

तक्रारीचंही सांगते. एप्रिलमध्ये फोटो काढून, जागेची खूण देऊन एका कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं की तो भाग आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं की मोटरवेच्या कडेचा रस्ता वेगळ्यांकडे असतो. तिसरे म्हणाले, पुलाखालचा भाग आमचा नसावा, पण बघतो. दीड किलोमीटरला तीन मालक, आणि केर काढायला एकही नाही. फोनवरची माणसं इतकी गोड बोलतात की भांडताच येत नाही, याचा वेगळा राग.

मग मी एक सिद्धांत मांडला होता. जवळच्या मोठ्या मैदानावर शनिवारी रग्बीचा सामना असला की सोमवारी काचा. सामन्यांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, पण कोण कधी खेळतंय हे ऑफिसात सगळ्यांच्या आधी मला ठाऊक असायचं. सामन्यानंतरच्या सोमवारी बसने जायचं. काही आठवडे बरं चाललं. मे महिन्यात चौथं पंक्चर झालं तेव्हा जाड टायर घातले, जोडी ११८ डॉलरला, आणि जून ते सप्टेंबर एकदाही त्रास नाही. तेव्हा हा लेख लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते. परवाचा सोमवार मात्र सिद्धांतात बसत नाही. शनिवारी सामना नव्हताच. कुणाचा तरी वाढदिवस असणार. म्हणजे मी उगाच बसला पैसे घातले.

पैशांचा हिशोब असा. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बसचे जाऊन-येऊन नऊ डॉलर धरा. चौतीस आठवड्यांचे ९१८. पावसामुळे आणि रग्बीमुळे वीस दिवस बसने गेले, ते १८० वजा. बसभाड्याची आठवड्याची ५० डॉलरची कमाल मर्यादा माझ्या काही कामाची नाही, तिथवर मी कधी पोहोचतच नाही. खर्च : जुनी सायकल २८०, हेल्मेट ४५ (न घालता पकडलं तर दंड ५५, म्हणजे हेल्मेटच स्वस्त), दुकानातली पंक्चरं ७०, तीन ट्यूब ३६, टायर ११८. सगळं जाऊन हातात १८९ डॉलर. एकट्या काचांनी २२४ खाल्ले. कमावलं त्यापेक्षा जास्त रस्त्यावर सांडलं, हे मला झोपू देत नाही.

गुलाबी पट्ट्याबद्दल माझं मत बदललं, तेही नोंदवते. २००५ पासून बंद पडलेला, मोटरवेवरून खाली उतरायचा रस्ता २०१५ मध्ये रंगवून, दिवे लावून सायकलींना दिला, हे ऐकून मी म्हटलं होतं, लग्नाचा मांडव आहे का हा? जूनमध्ये सव्वापाचलाच अंधार पडायला लागला, आणि दिवसभराच्या कटकटीनंतर कडेचे दिवे आपल्याबरोबर रंग बदलत चालू लागले, तेव्हा पहिल्यांदाच काही न बोलता सहाशे मीटर गेले. रंग आता फिका पडलाय. आमच्या मुलुंडहून तानसाच्या जलवाहिनीकडेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर झाला होता, तेव्हा भाऊ दर आठवड्याला बातमीची लिंक पाठवायचा. आता मी त्याला या पट्ट्याचे फोटो पाठवते. तो अंगठा दाखवतो.

चालणाऱ्यांचं थोडक्यात. डावीकडून चाला, मागून येणाऱ्याने घंटी वाजवावी, नियम सरळ आहे. इथे घंटी वाजवणं लोकांना उद्धटपणा वाटतो, म्हणून मागून कुजबुजल्यासारखं "एक्सक्यूज मी" येतं आणि माणूस जास्त दचकतो. मी वाजवते. कुत्र्याच्या लांब दोरीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

रविवारी वेळ असेल तर उलट्या दिशेने टे अटाटूकडे जा. पाण्यातून जाणारा तो कॉजवे गाळात खचत होता, म्हणून मोटरवे रुंद करताना उंचही केला. दोन्हीकडे खारफुटी, आणि ओहोटीला चिखलाचा तोच ठाणे खाडीचा वास. नवऱ्याला घाण वाटतो, मला माहेरचा.

सोमवारी संध्याकाळी स्टॉडर्ड रोडच्या फिजी दुकानातून नारळाच्या हिरांचा खराटा आणला. दांडी अर्धी कापून कॅरियरला बांधला. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, इतक्या लांब जाऊन खराटाच?" बुधवारी पंधरा मिनिटं आधी निघून पुलाखालचा सगळा चुरा गोळा केला आणि दुहेरी पिशवीत घालून घरी आणला. एक बाई धावता धावता थांबून म्हणाली, "तुम्ही या कामावर नवीन दिसता."

ताजा कलम, शुक्रवार : तिसऱ्या कार्यालयाचा मेल आला. माझ्या एप्रिलच्या तक्रारीवर गुरुवारी प्रत्यक्ष पाहणी केली, जागा पूर्णपणे स्वच्छ आढळली, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे.