टॅपेटचा आवाज ‘घालवून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

टॅपेट सेटिंगच्या, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट जुळवण्याच्या नावाखाली माझे 7,250 रुपये गेले, वर चांगल्या इंजिनाची वाट लागली. सांगायला लाज वाटते, पण जुनी मोटरसायकल असलेला कोणीही यात सापडू शकतो.

पहिलं बिल 850 रुपये. "टॅपेट वाजतायत, सेट करून देतो," मिस्त्री म्हणाला. मी गाडी चालवतच नेली होती, इंजिनाला हात लावला तर चटका बसत होता. त्याने तशीच कॅप उघडली. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नाही, फ्लायव्हीलवरची खूण जुळवणं नाही. स्क्रू आवळला, गाडी चालू करून कान दिला, पुन्हा आवळला. तिथेच ओळखायला हवं होतं! मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला (मिश्रण दाबताना) अगदी वर, फट इनटेक म्हणजे आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला 0.05 मिमी, एक्झॉस्ट म्हणजे धूर सोडणाऱ्याला 0.10. (हे माझ्या गाडीचे आकडे, तुमच्या गाडीचे तुम्ही बघा.) एवढीशी फट कानाला कळते होय? पण केस पांढरे झालेल्या मिस्त्रीला ‘गेज कुठंय’ असं कोण विचारतं? आणि गाडी खरंच गप्प झाली.

तेच घातक. ढिला टॅपेट निदान वाजतो तरी, जास्त आवळलेला काही सांगतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर (तो जिथे बसतो त्या कड्यावर) पुरता टेकत नाही, उष्णता सीटमधून निघून जात नाही आणि कड जळते. आधी गरम गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, मग किक हलकी लागायला लागली, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, कमी झाला. किक हलकी वाटली की गाडी दामटू नका.

दुसरं बिल 6,400, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं. "हेड काम, नवीन व्हॉल्व्ह." जुने मागितले तर म्हणे भंगारात गेले. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका! पुन्हा कॉम्प्रेशन गेलं म्हणून दुसरीकडे हेड उघडलं, तर आत तोच जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, घासून बसवलेला, कडेचे खड्डे तसेच.

पोलीस म्हणाले, हा तुमचा आपसातला व्यवहार. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर पक्कं बिल आणा म्हणाले. माझ्याकडे हाताने लिहिलेली चिठ्ठी. व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला, तर कोणी उचलूनही पाहिला नाही. तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणे, तो कोण देतो ते मात्र कोणालाच सांगता येईना. लुटला गेलेला माणूसच पुरावे गोळा करत हिंडणार असेल, तर ही माणसं तिथे बसलीयत कशाला?

सर्व्हिसिंगनंतर ज्यांची गाडी अचानक गप्प झालीय, त्यांनी सकाळी इंजिन चालू करायच्या आधी गेज लावून फट तपासून घ्या.