खाली केलेल्या गाडीचं स्टेअरिंग: दोरीने तपासावं की मशीनवर?

आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली करून झाली, दिसायला झकास झाली, आणि पहिल्याच आठवड्यात स्टेअरिंगची कुरकुर सुरू झाली. सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते, वळणात मध्येच अंग चोरते, नाहीतर रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे धावते. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे चारही चाकं मोजणारं कॅमेऱ्याचं अलाइनमेंट मशीन, आणि दुसरी म्हणजे घरी दोरी, पोलादी पट्टी आणि एक रिकामा रविवार. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, त्यातल्या एका वाटेने तर चारदा. पुढे तीन शब्द सारखे येतील: टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत की बाहेर, कँबर म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल, आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा पुढे-मागे कल.

त्याआधी दोन कामं उरकून घ्या, नाहीतर दोन्हीकडची मेहनत पाण्यात. पुढचे दोन टायर डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे असे बदलून एक चक्कर मारा. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा आहे, सस्पेन्शनचा नाही. टायर एकाच दिशेने फिरणारे असले तरी चाचणीपुरतं चालून जातं. दुसरं काम बुशचं, म्हणजे सांध्यांतल्या रबराचं. स्प्रिंग बदलताना गाडी जॅकवर लटकत असते आणि बहुतेक जण लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट तिथेच करकचून आवळतात. मग रबरी बुश त्या लटकत्या अवस्थेतच पकडले जातात आणि गाडी जमिनीवर आली की कायमचे पिळलेले राहतात. हे बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा आवळायचे. मी तसं केलं तेव्हा माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा ६ मिलिमीटर आणखी खाली बसला. म्हणजे त्याआधी मोजलेला प्रत्येक आकडा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता म्हणायचं.

बंप स्टॉपकडेही, म्हणजे शॉक पूर्ण दबू नये म्हणून असलेल्या रबराकडेही, एक नजर टाका. आखूड स्प्रिंग आणि जुनेच शॉक असतील तर शॉक उभ्या गाडीतच त्या रबरावर टेकलेला असू शकतो. तसं असेल तर अलाइनमेंटचा विषयच नको. वळणात अचानक दगड झालेलं सस्पेन्शन कुठलाही आकडा मऊ करत नाही.

आता मशीन. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला फारसं कारण नाही. अर्ध्या-पाऊण तासात चारही चाकांचे टो आणि कँबर, पुढचा कॅस्टर, मागच्या चाकांचा रोख गाडीच्या मध्यरेषेशी जुळतो की नाही, सगळं समोर येतं. दोरीवाल्याला घाम फुटेल अशी एक गोष्ट ते सहज सांगतं: स्टेअरिंगच्या अक्षाचा समोरून दिसणारा आतला कल. हा कल आणि कँबर यांची बेरीज डाव्या-उजव्या बाजूला वेगळी आली तर स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा उभा खांब) किंवा नकल (चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, धरणारा तुकडा) वाकलेलं असण्याची शक्यता दाट. अपघातातून आलेली गाडी असेल, किंवा वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येत नसेल, तर मी स्वतः आधी मशीनवरच जाईन. दोरी घेऊन बसणार नाही.

खाली केलेल्या गाडीचं मशीनशी थोडं वाकडं असतं, तेही सांगून टाकतो. पुढचा बंपर रँपवर घासतो, म्हणून फळ्या लावाव्या लागतात. मशीनमधले प्रमाण आकडे कंपनीच्या मूळ उंचीचे असतात, त्यामुळे कँबर लाल दिसतो. बऱ्याच गाड्यांमध्ये कँबरला ॲडजस्टमेंटच नसते, म्हणून तो लालच राहतो आणि टो तेवढा हिरवा करून गाडी हातात मिळते. शिवाय मोजताना गाडीत कुणी बसलेलं नसतं. मी एकदा विचारलं, ‘मी आत बसू का?’ समोरच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. पण हे सगळं सोसण्यासारखं आहे.

जे सोसलं नाही ते वेगळंच होतं.

माझी गाडी पुढे मॅकफर्सन स्ट्रटची, स्टेअरिंगचा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दांडी) चाकांच्या मध्यरेषेच्या मागे. ३५ मिलिमीटर खाली केलेली. सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. पण लांब, वेगाच्या वळणात बाहेरचं चाक एखाद्या उंचवट्यावर चढलं की गाडी आधी किंचित बाहेर सरकायची. मी हात थोडा वाढवायचो, तोवर चाक खाली यायचं आणि गाडी झटक्याने आत वळायची. बाजूला बसलेल्या माणसाला वाटायचं, मलाच चालवता येत नाही. जोरात ब्रेक लावला की नाक खाली जायचं आणि तेवढ्यापुरतं स्टेअरिंग हातात सैरभैर व्हायचं.

मशीनवर गेलो. कागद हिरवा. टो सांगितला होता तसा, डावं-उजवं सारखं. पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच झटका. दुसरीकडे गेलो, तिथेही कागद हिरवा. तिसऱ्या वेळी मी कुठल्या वळणात, कुठल्या वेगाला, कुठल्या चाकाखाली काय आल्यावर काय होतं हे लिहूनच नेलं. त्या माणसाने ते वाचलं, मोजलं, आणि स्क्रीनकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाला, ‘साहेब, सगळं हिरवं आहे.’ त्याचं चुकलं होतं असं नाही. तिथे उभी होती ती गाडी खरोखर हिरवीच होती. पण हिरवा रंग दिसला की बोलणंच संपतं, आणि माझा आजार तर गाडी हलल्याशिवाय दिसतच नव्हता. या एका गोष्टीने मला दोरीकडे ढकललं.

कारण असं की अलाइनमेंटचं मशीन नेहमीच्या कामात टो एकाच उंचीवर मोजतं, गाडी उभी असताना. चाक वर-खाली होताना टो किती बदलतो, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. मूळ उंचीला लोअर आर्म आणि टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंत जाणारी दांडी) साधारण एकमेकांना साजेशा कोनात असतात, त्यामुळे चाक वर-खाली झालं तरी दोघांची टोकं जवळजवळ सारखी आत-बाहेर होतात. गाडी खाली केली की दोघं आपापल्या कमानीच्या तिरक्या भागात जातात. टाय रॉड आर्मपेक्षा जास्त तिरका असेल तर चाक वर जाताना त्याचं टोक जास्त आत खेचलं जातं. रॅक मागे असल्यामुळे चाकाची मागची बाजू आत येते, म्हणजेच चाकाचं तोंड बाहेर वळतं. मी स्टेअरिंग स्थिर धरलंय आणि चाक आपलंच वळतंय. वळणातलं बाहेरचं, वजन घेणारं चाकच असं करायला लागल्यावर गाडीने तरी काय करावं? खाली केलेल्या गाडीत हे इतकं सर्रास होतं की आधी इथेच बघायला हवं होतं, असं आता वाटतं.

दोरीने हे सापडलं ते असं. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक ॲल्युमिनियमचा पाइप स्टँडवर आडवा ठेवायचा. दोन्ही पाइपांवर अगदी सारख्या अंतराच्या खाचा, त्यांतून दोन्ही बाजूंनी गवंड्याची बारीक लाइनदोरी ताणायची, हबच्या मध्याच्या उंचीला. मग पाइप सरकवत राहायचं, जोवर दोरीपासून डाव्या आणि उजव्या हबचं अंतर पुढेही सारखं येत नाही आणि मागेही. पुढचं आणि मागचं अंतर मात्र एकमेकांशी सारखं यायलाच हवं असं नाही. मी पहिल्यांदा इथेच गचकलो. पाइप न वापरता, चारही हबपासून सारखं अंतर धरून दोरी बांधली. माझ्या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा एकूण २० मिलिमीटर रुंद बसतात, म्हणून दोऱ्या पुढे निमुळत्या झाल्या. अडीच मीटरच्या अंतरात प्रत्येक बाजूला १० मिलिमीटरचा तिरपेपणा. चारही चाकं पावणेदोन मिलिमीटर बाहेर वळलेली दिसली आणि सगळी दुपार मी एका नसलेल्या दोषाच्या मागे घालवली.

दोऱ्या समांतर झाल्या की काम सोपं आहे. स्टेअरिंग सरळ बांधून ठेवायचं, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं, वजाबाकी करायची. साधारण ४४० मिलिमीटरच्या मापावर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.१३ अंश. डोळ्याने अर्धा मिलिमीटर वाचता येतो आणि तेवढं मला पुरलं. कँबरसाठी साधा ओळंबा चालतो. त्याच रिमवर १ अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास फरक. फक्त जमिनीची पातळी पाहून घ्या. दोन चाकांमध्ये १५०० मिलिमीटर अंतर धरलं तर १३ मिलिमीटरचा चढ म्हणजे कँबरमध्ये अर्ध्या अंशाची थाप. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघता येते, आणि कमी पडेल तिथे चाकाखाली पातळ फरशी सारायची.

चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन फरश्या ठेवल्या की टायर जमिनीला चिकटून राहत नाही, चाक हवं तसं सरकतं. पुढच्या मोजणीसाठी हे फार महत्त्वाचं.

आधी नुसती उभी गाडी मोजली. पुढचा एकूण टो १ मिलिमीटर आत, म्हणजे मशीनने सांगितला होता जवळपास तसाच. मशीन खोटं बोलत नव्हतं. मग स्ट्रटच्या वरच्या बाजूला, दोन्हीकडे सारखी, वाळूची पोती ठेवत गेलो आणि बरोबरच्या मित्राला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. नाक २५ मिलिमीटर खाली आलं. पुन्हा मोजलं: एकूण ४ मिलिमीटर बाहेर. मी तिसऱ्यांदा पट्टी लावली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. आकडा तोच. २५ मिलिमीटरच्या हालचालीत ५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे दर चाकाला सुमारे ०.३ अंश, आणि माझ्या वळणातल्या उंचवट्यावर चाक नक्कीच याहून जास्त वर जात असणार. स्प्रिंग काढून, हब जॅकने दर १० मिलिमीटरला उचलून मोजणं जास्त शास्त्रीय आहे हे मान्य. पण निदान करायला पोत्यांनी काम भागलं.

उपाय पुढे साधा होता. टाय रॉडचं बाहेरचं टोक नकलवर थोडं खाली बसवणारे, स्पेसरवाले एंड घातले. तीन जाडीचे स्पेसर घालून, दर वेळी पोती ठेवून-काढून, दर वेळी उभ्या गाडीचा टो पुन्हा १ मिलिमीटर आत लावून मोजलं. मधल्या स्पेसरवर ५ मिलिमीटरचा फरक १ मिलिमीटरवर आला, सगळ्यात जाड स्पेसरवर उलट्या दिशेने जायला लागला. ही ‘बदला-मोजा-बदला’ची सोय हाच दोरीचा खरा फायदा. मशीनवर तीन वेळा गाडी चढवून-उतरवून हे कोण करू देणार?

दोरीची बाजू घेतोय हे एव्हाना लक्षात आलं असेल, तर तिच्या खोडीही ऐका. पहिल्या दिवशी मला सहा तास लागले आणि दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती. आता दीड तासात होतं. वारा असेल तर दोरी थरथरते. कुणीतरी पाइपाला अडखळतंच, आणि मग सगळं पहिल्यापासून. कॅस्टर काढता येतो, चाक २० अंश आत आणि २० अंश बाहेर वळवून दोन्हीकडचा कँबर घ्यायचा आणि फरकाला सुमारे १.४६ ने गुणायचं. पण ओळंब्याने तो काढण्याचा उत्साह मला तरी एकदाच आला. स्टेअरिंगच्या अक्षाचा कल काढायच्या भानगडीत मी पडलो नाही. आणि गाडीखाली हात घालायचा असेल तर जॅकच्या जिवावर नको, जॅक-स्टँड लावूनच.

तेव्हा तुम्हाला नेमकं काय छळतंय त्यावर ठरवा. गाडी सरळ रस्त्यावर सतत एकाच बाजूला ओढते, टायर अदलाबदल करूनही ओढ तशीच राहते, कुठे आपटल्याचा संशय आहे: मशीन, आणि कागद जपून ठेवा. उभ्या गाडीत सगळं ठीक पण ब्रेकला, उंचवट्यावर, वळणात गाडी आपल्या मनाने वागते, आणि हे गाडी खाली केल्यापासूनच सुरू झालंय: माझं मत दोरीला. तुमच्याकडे सपाट जागा नसेल किंवा रविवार मोकळा नसेल तर ते मत जरा सौम्य करून घ्या. पण निदान दोन पोती ठेवून टो किती हलतो एवढं तरी बघितल्याशिवाय मशीनवर चौथी फेरी मारू नका.

मी स्वतः ती चौथी फेरी मारली, नवे एंड बसवल्यावर, कॅस्टर डावा-उजवा सारखा आहे ना एवढं बघायला. कागद हिरवा आला. घरी येऊन आधीच्या तिन्ही कागदांशेजारी ठेवून पाहिला, तर टोचे आकडे जवळपास तेच. मग संध्याकाळी त्याच वळणावरून तीनदा गेलो.