वादळाच्या मोसमात कॅरिबियनमधलं घर सांभाळायला घेताय? बोनेर, सेंट जॉन की कॅरिअकू

उन्हाळा लागला की कॅरिबियन बेटांवरचे अनेक घरमालक युरोप-अमेरिकेकडे निघतात. मागे कुत्री-मांजरं, झाडं आणि पोहण्याचा तलाव सांभाळायला त्यांना कुणीतरी हवं असतं. राहणं फुकट, समोर समुद्र. अट एकच, मोसम वादळांचा. कागदोपत्री तो १ जून ते ३० नोव्हेंबर, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा सगळ्यांत वाईट.

बेट निवडताना बरेच जण नुसता अक्षांश बघतात आणि तिथेच फसतात. बोनेर साधारण १२.२ अंश उत्तरेला, कॅरिअकू १२.५ अंशांवर, म्हणजे कागदावर दोन्ही सारखीच. पण बोनेर बरंच पश्चिमेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहे आणि वादळं बहुधा त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. कॅरिअकू पूर्वेकडच्या बेटांच्या रांगेत आहे, अटलांटिकच्या थेट तोंडावर. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ तिथेच ताशी सुमारे २४० किमी वेगाने धडकलं आणि बेटावरची बहुतेक घरं मोडली. कोकणात २०२० साली निसर्ग आलं तेव्हा वेग ११०-१२० च्या आसपास होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी फरक कळायला एवढं पुरे.

बोनेर

पहिल्यांदाच असं घर घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. खिडक्यांवर वादळासाठीची शटर (पत्र्याच्या पट्ट्या) लावायची वेळ क्वचित येते. रोजचा त्रास असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारा पडल्यावरचा उकाडा आणि डास. पाणी समुद्राचं गोडं केलेलं, नळाने येतं. धोका आहे तो लाटांचा. एरवी वारा पूर्वेचा, म्हणून घरं, हॉटेलं, धक्के सगळे शांत पश्चिम किनाऱ्यावर. वादळ उत्तरेकडून गेलं की लाटा नेमक्या त्याच बाजूने चढतात. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी वादळ उलटं, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि हाच किनारा झोडपला गेला. म्हणून पाण्याला लागून असलेल्या बंगल्यापेक्षा एक-दोन किलोमीटर आतलं घर घ्या, सूर्यास्त थोडा चालत जाऊन बघता येतो.

सेंट जॉन

हे अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधलं. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळ इथून गेलं, त्यामुळे नंतर बांधलेली किंवा दुरुस्त केलेली घरं तुलनेने भक्कम. पण बेटावर विमानतळ नाही. क्रूझ बे गावातून फेरीबोटीने शेजारच्या सेंट थॉमस बेटावर जायचं, मग विमान. वादळ येताना अमेरिकी तटरक्षक दल बंदराची स्थिती सांकेतिक नावांनी टप्प्याटप्प्याने जाहीर करतं: जोराचे वारे पोहोचायच्या ७२ तास आधी व्हिस्की, एक्स-रे ४८, यँकी २४, झुलू १२. झुलू लागली की बंदर बंद. म्हणजे निघायचंच असेल तर एक्स-रेलाच निघा. यँकीपर्यंत थांबलात तर विमानात जागा नसते. कुत्रं सोबत असेल तर आणखी आधी, कारण उन्हाळ्यात अनेक विमान कंपन्या उष्णतेमुळे प्राण्यांना सामानकक्षात घेत नाहीत.

पाणी छपरावरून घराखालच्या काँक्रीटच्या टाकीत येतं, आणि नवख्या माणसाची चूक इथेच होते. वादळाआधी पन्हळीचा टाकीकडे जाणारा पाइप काढून तोंड बंद करायचं, नाहीतर खारं पाणी, पाला आणि छपराचा चुरा सगळं आत. पंपाचा ब्रेकर पाडायचा. नंतर गढूळपणा बसला की १००० लिटरला १०० मिली साधं, बिनवासाचं ५ टक्क्यांचं ब्लीच. ४०,००० लिटरची टाकी असेल तर चार लिटर लागतं, ते आधीच घरात हवं. पिण्याचं पाणी वेगळं, माणशी दिवसाला चार लिटर, निदान दोन आठवड्यांचं.

कॅरिअकू

नदी नाही, पाणी बहुतेक पावसाचंच. फेरीबोटीने जवळ आहे ते ग्रेनाडा, आणि तेही बहुधा त्याच वादळाच्या वाटेत; २००४ च्या आयव्हन वादळाने ग्रेनाडाचीच दैना केली होती. म्हणजे 'शेजारच्या बेटावर जाऊ' हा बेत धरूच नका. इथलं घर घ्यायचं तर एकाच अटीवर: छपराच्या आतून काढलेला फोटो मागवा. वाशाला भिंतीवरच्या तुळईशी बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या प्रत्येक वाशाला दिसल्या पाहिजेत. पत्रे खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने बसवलेले हवेत आणि चारी बाजूंनी उतरतं छप्पर असेल तर उत्तम. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर डिसेंबरनंतरची तारीख मागा.

शटरचं काय ते पहिल्याच दिवशी

सेंट जॉन वा कॅरिअकू घेतलंत तर सामान उघडायच्या आधी एक खिडकी पूर्ण बंद करून बघा. पत्र्याच्या पट्ट्या भिंतीतल्या बोल्टवर चढवून कानाच्या (हाताने फिरवायच्या) नटांनी आवळायच्या असतात. खाऱ्या हवेने नट धरलेले असतात, चार-पाच हमखास हरवलेले, आणि कुठली पट्टी कुठली याचा पत्ता नसतो. नटांना ग्रीस लावा, पट्ट्यांवर मार्करने खिडकीचा नंबर घाला, जास्तीचे वीस नट आणून ठेवा. वीस खिडक्या-दारांच्या घराला दोन माणसांचे पाच-सहा तास सहज जातात. एकट्याने हे काम होत नाही, कारण वारा सुटला की पट्टी हातातून उडते. अमेरिकेच्या हवामान केंद्राची 'वॉच' सूचना वादळी वारे पोहोचायच्या सुमारे ४८ तास आधी येते, 'वॉर्निंग' ३६ तास आधी. शटर 'वॉच'मध्येच उरका. मध्येच वारा अचानक थांबला तर डोळा डोक्यावर असू शकतो. बाहेर पडू नका, पुढचा वारा उलट्या दिशेने येतो.

जनरेटर घरापासून सहा मीटर लांब चालवा आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीच जोडू नका, वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते आणि तारांवर काम करणारा लाइनमन जिवानिशी जाईल. पोहण्याचा तलाव रिकामा करू नका, जमिनीत पाणी चढलं की रिकामा तलाव वर उचलला जातो.

मालकाकडून लेखी घ्या: कधी निघायचं हे तुम्ही ठरवणार, डिझेल आणि प्लायवूडचा खर्च त्यांचा, प्राण्यांचे रेबीजचे दाखले फाइलमध्ये, आणि बेटावरच्या एका माणसाचा फोन. प्रवास विमा मात्र तुमचा तुम्हीच घ्या, आणि तिकीट काढतानाच. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही.