सोलापूरच्या उन्हात टिकेल असं मेण: पॅराफिन घ्यावं की सोया?

मेणबत्ती शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सल्ला मिळतो, 'नैसर्गिक मेण घ्या, सोया घ्या.' सल्ला वाईट नाही, पण सोलापुरात त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. तयार झालेली मेणबत्ती मे महिन्याच्या दुपारी कुठे ठेवलेली असेल? एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत तर त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. काचेत ओतायचं सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मेणबत्तीचं नेहमीचं पॅराफिन ५८ ते ६० अंशांचं असतं. सोलापूरकराने निवड करताना सगळ्यात आधी हे दहा-बारा अंशांचं अंतर बघावं. नैसर्गिक की रासायनिक हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट म्हणजे काय बनवायचं आहे. ग्लासात ओतलेली मेणबत्ती आणि साच्यातून काढलेली उभी मेणबत्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ग्लासातलं मेण मऊ असलं तरी चालतं, काच त्याला धरून ठेवते. साच्यातल्या मेणबत्तीला स्वतःच्या ताकदीवर उभं राहायचं असतं. दुकानात नुसतं 'सोया वॅक्स द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा ग्लासाचं मऊ मेण हातात पडतं. नवखा माणूस ते गुलाबाच्या आकाराच्या सिलिकॉनच्या साच्यात ओततो आणि पाकळ्या साच्यातच राहिल्या म्हणून साच्याला दोष देतो. उभ्या मेणबत्तीसाठी सोयाचा वेगळा, कडक प्रकार मिळतो. पिशवीवर 'पिलर' लिहिलंय का ते बघूनच घ्या.

पॅराफिन

सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं मेण हेच. मोठ्या पांढऱ्या लाद्यांत येतं. लादी गोणपाटात गुंडाळून कोपऱ्याकडून हातोडी मारत फोडायची. मधोमध मारलं तर नुसते तुकडे उडतात.

घेताना दोन गोष्टी विचारा: वितळण्याचा अंश किती आणि मेण पूर्ण शुद्ध केलेलं आहे की अर्धशुद्ध. पूर्ण शुद्ध पॅराफिनमध्ये तेलाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. अर्धशुद्ध मेण हाताला तेलकट लागतं, त्याला किंचित रॉकेलसारखा वास येतो आणि उन्हाळ्यात ते घाम सोडतं. शंका असेल तर एक तुकडा टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर ते मेण सुगंधी मेणबत्तीसाठी घेऊ नका.

सोलापुरात आणखी एक घोळ होतो. यंत्रमागाच्या धंद्यामुळे इथे सूत सायझिंगला (विणण्याआधी सुताला खळ द्यायला) लागणारं मेणही विकलं जातं. दिसायला तेही मेणच, पण ते पाण्यात मिसळावं म्हणून त्यात इतर द्रव्यं घातलेली असतात. ते मेणबत्तीसाठी बनवलेलं नसतं. भाव कमी दिसला तरी ते घेऊ नका.

साच्यासाठी १ किलो पॅराफिनला १०० ग्रॅम स्टिअरिक अ‍ॅसिड घाला. त्याने मेणबत्ती कडक आणि दुधाळ पांढरी होते, आणि थंड होताना किंचित आकसत असल्यामुळे साच्यातून सहज सुटते. मात्र स्टिअरिक अ‍ॅसिड तांब्या-पितळेच्या भांड्यात वितळवू नका. त्याची या धातूंशी क्रिया होते आणि मेण हिरवट होतं. स्टीलचं पातेलं वापरा.

पॅराफिनचा खरा त्रास म्हणजे खड्डा. मेण बाहेरून आत गोठत जातं, आकसतं आणि वातीभोवती पोकळी राहते. वरून मेणबत्ती गुळगुळीत दिसते, पण पेटवल्यावर मध्येच ज्योत खाली बसते. त्यासाठी ओततानाच १० ते १५ टक्के मेण मागे ठेवा. वर साय धरली की वातीच्या बाजूने काडीने तीन-चार भोकं पाडा. मग राखून ठेवलेलं मेण पहिल्यापेक्षा चार-पाच अंश गरम करून त्यात भरा. पातळी पहिल्या ओताच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर कडेने मेण उतरतं आणि साच्यातून मेणबत्ती सुटत नाही. हे चालू असताना छताचा पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात ते जड जातं, पण वाऱ्याने एक बाजू आधी गोठते आणि तडा जातो. पहाटे किंवा रात्री उशिरा ओतलेलं बरं.

सुगंधाच्या बाबतीत साधं पॅराफिन कमी पडतं. ३ टक्क्यांच्या पुढे तेल घातलं की ते बाहेर झिरपू लागतं.

सोया

सोया मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. आपल्या बार्शी-लातूरकडे सोयाबीन भरपूर पिकतं, म्हणून हे मेणही इकडचंच असेल असं धरून चालू नका. पिशवीवरचं नाव, प्रकार आणि अंश वाचा.

शिकणाऱ्याला सोया सोपं जातं हे खरं आहे. ते कमी आकसतं, त्यामुळे बहुतेक वेळा एकाच ओतात काम होतं. सुगंधी तेल ६ ते ८ टक्के धरतं. भांडी गरम पाणी आणि साबणाने निघतात. पातळ पापड्यांत येतं, म्हणून मोजायलाही सोपं. भावाने मात्र ते पॅराफिनपेक्षा बरंच वर आहे आणि कुरिअरचा खर्च वेगळा.

साधारण क्रम असा: ७५ ते ८० अंशांपर्यंत वितळवा, आचेवरून उतरवा, ७० च्या आसपास सुगंधी तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा आणि ५५ ते ६० ला ओता. प्रत्येक कंपनीच्या पत्रकात आकडे थोडे वेगळे असतात. त्या पिशवीचं पत्रक आधी माना, आमचे आकडे नंतर. ओतल्यावर दहा ते चौदा दिवस झाकून ठेवा. सोया मुरल्याशिवाय वास देत नाही. दुसऱ्या दिवशी पेटवून 'वासच येत नाही' म्हणत तेल वाढवत नेणं ही सर्रास होणारी चूक. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात.

सोयावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उठते, ती बुरशी नसते. तेलाचे स्फटिक असतात आणि जळण्यावर काही परिणाम होत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो तेव्हा ती जास्त दिसते. ग्लास ओतण्याआधी हाताला कोमट लागेल इतका गरम करा आणि ओतलेले ग्लास एकमेकांपासून चार बोटं लांब ठेवा. गडद रंगात ही नक्षी फार उठून दिसते, म्हणून सोयाला पांढरा किंवा फिका रंगच बरा.

उन्हाळ्यात सोयाची परीक्षा असते. घरात, झाकणाच्या ग्लासात, सावलीत ते टिकतं. स्टॉलवर किंवा बसच्या टपावर ते वितळतं, वात कलते आणि तेल वर येऊन बसतं. मे महिन्यात मागवलेल्या पापड्याही एकच ढेप होऊन येतात. मेण खराब झालेलं नसतं, पण मोजायचा त्रास होतो. वर्षभराचं सोया नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवून ठेवा.

मधला मार्गही आहे. ७०० ग्रॅम सोया आणि ३०० ग्रॅम ५८-६० चं पॅराफिन. ग्लासातली मेणबत्ती कडक राहते, सुगंध सोयासारखा धरते. ज्याला उन्हाळ्यात विकायचं आहे त्याने शुद्ध सोयाचा हट्ट सोडून हे मिश्रण करावं आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहावं.

पॅराफिनचा धूर वाईट आणि सोयाचा धूर होतच नाही, हे बोलणं बरोबर नाही. काजळी येते ती मुख्यतः जाड किंवा लांब वातीमुळे आणि वाऱ्यामुळे. चुकीच्या वातीवर सोयाचा ग्लासही काळा होतो.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांचं, उन्हाला सगळ्यात खंबीर, आणि त्याचा स्वतःचाच मंद वास असतो. पण ते कित्येक पटींनी महाग असतं, त्यात पॅराफिनची भेसळ होते आणि त्याला जाड वात लागते. शिकताना त्यावर पैसे घालू नका. जेल मेण तर अजिबात नको. ते बरंच जास्त तापवावं लागतं, बुडबुडे राहतात आणि त्यात वाटेल ते सुगंधी तेल चालत नाही.

वात

मेणापेक्षा जास्त मेणबत्त्या वातीने बिघडतात. बाजारात वाती '६ इंची', '८ इंची' अशा लांबीवर विकल्या जातात. लांबी काय, कात्रीने कमी करता येते. महत्त्वाची आहे जाडी, आणि तीच पुष्कळदा पाकिटावर नसते. जाडीचा क्रमांक सांगणाऱ्या दुकानातूनच घ्या. पुढच्या वेळी तीच वात मागता आली पाहिजे.

सुताच्या या गावात 'सूत घरचंच आहे, पीळ घालून वात करू' हा विचार मनात येणारच. समईला ती चालते, मेणबत्तीला नाही. नुसतं पिळलेलं सूत जळताना वाकत नाही. टोकाशी कोळसा साठत जातो आणि ज्योत धुरकट होते. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते, त्यामुळे टोक ज्योतीच्या कडेला वळून तिथेच जळून जातं.

वात ठरवायची ती ग्लासाच्या आतल्या व्यासावर. पहिल्यांदा ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाचा, सरळ भिंतीचा ग्लास घ्या. एकाच मालिकेतल्या लागोपाठच्या तीन जाड्या आणा आणि एकाच मेणाच्या, एकाच सुगंधाच्या तीन मेणबत्त्या ओता. मुरल्यावर वात ५ मिलिमीटर उरेल इतकी कापून पेटवा आणि अडीच-तीन तासांनी बघा.

वितळलेलं मेण काठापर्यंत पोचलं आणि त्याची खोली ६ ते १२ मिलिमीटर असेल, तर ती वात बरोबर. मधोमध विहीर पडून कडेला भिंत उरली तर वात बारीक आहे. टोकावर काळा गोळा, नाचती ज्योत, हात लावता येणार नाही इतकी तापलेली काच ही जाड वातीची लक्षणं. एकदा पेटवून निर्णय घेऊ नका. ग्लास अर्धा आणि शेवटचा पाव उरेल तेव्हाही बघा, कारण खाली गेल्यावर उष्णता कोंडते. सुगंध किंवा रंग बदलला की हीच चाचणी पुन्हा करावी लागते.

बाकी सामान

पैसे वाचवायचे असतील तर साच्यांवर वाचवा. वजनकाटा आणि थर्मामीटरवर नको. १ ग्रॅम दाखवणारा काटा आणि टोचून मोजायचा डिजिटल थर्मामीटर हवाच. लांबून मोजायची बंदूक चकचकीत स्टीलवर चुकीचा आकडा दाखवते.

वितळवायला मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात चोच असलेलं स्टीलचं भांडं. मेण थेट आचेवर ठेवू नका, आणि ते वितळत असताना खोलीबाहेर जाऊ नका. मेणाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, भडका उडतो. आच बंद करून झाकण घाला. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

रंग मेणासाठीचेच, तेलात विरघळणारे. रांगोळी, खाण्याचा रंग, मुलांचे मेणखडू यांतलं काही चालत नाही. कण वातीत अडकतात नाहीतर तळाशी बसतात. सुगंधाचंही तसंच. अगरबत्तीचा सुगंध किंवा अत्तर मेणात चांगलंच उतरेल याचा भरवसा नाही, 'मेणबत्तीसाठीचं' असं विचारून घ्या. व्हॅनिला असलेलं तेल पांढरं मेण पिवळट-तपकिरी करतं.

चहाचे कटिंगचे ग्लास टाळा. काच उष्णतेसाठी बनवलेली नसते आणि खाली निमुळती असते, तिथेच ताप सगळ्यात जास्त. साध्या मातीच्या पणतीत मेण झिरपतं, आतून ग्लेझ केलेली घ्या.

पहिली खरेदी १ किलोचीच करा. २०० मिलिलिटरच्या ग्लासात वरून थोडी जागा सोडून साधारण १६० ग्रॅम बसतं. १ किलो सोयाला ६ टक्क्यांनी ६० ग्रॅम तेल, म्हणजे एकूण १०६० ग्रॅम. त्यात सहा ग्लास होतात आणि शंभरेक ग्रॅम उरतं. सहापैकी तीन वातीच्या चाचणीला जातील, हे आधीच धरून चला.

कुणी काय घ्यावं

घरासाठी आणि भेट द्यायला शिकत असाल तर ग्लासाचं सोया. रुखवतात किंवा उन्हाळ्यातल्या लग्नात मांडायच्या, साच्यातल्या आकारांच्या मेणबत्त्या हव्या असतील तर ५८-६० चं पूर्ण शुद्ध पॅराफिन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड. मार्च ते जूनमध्ये स्टॉल लावणार असाल तर ७०:३० चं मिश्रण. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत थंडी असते, तिथे शुद्ध सोया खुशाल ठेवा. फक्त जानेवारीच्या मध्यावर विकायचं तर ओतण्याचं काम २८-२९ डिसेंबरला संपलेलं हवं, आणि वातीची चाचणी त्याआधी, नोव्हेंबरातच.