युतीच्या नेत्याला जास्त कामाचा कोण, टोचणारा मित्रपक्ष की मान डोलावणारा?
आपल्या सोलापुरात उजनी धरण भरलं तरी नळाला पाणी काही दिवसांआड, आता यावर सत्तेतला मित्रपक्ष गप्प बसला तर लोकांचा राग सरळ विरोधकांच्या पारड्यात, आणि तोच ओरडला तर राग युतीतच राहतो, वर नेत्याला अधिकाऱ्यांना दमात घेता येतं, बघा आमचेच लोक ऐकत नाहीयेत. मान डोलावणाऱ्यामुळे मीटिंग लवकर संपते, बाकी काय?
2014 नंतर शिवसेना सत्तेत राहून फडणवीस सरकारला सतत झोडपायची, विरोधकांची जागाच खाल्ली तिने, आणि 2019 लोकसभेला युतीला 48 पैकी 41 (मोदींचा प्रभाव होताच). मला टोचणाराच जास्त कामाचा वाटतो. मात्र त्याच वर्षी मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली.