कोअर लोडर: एक पावसाळा वापरल्यानंतर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या स्लिटिंग युनिटमध्ये, म्हणजे मोठे रोल अरुंद पट्ट्यांत कापून पुन्हा गुंडाळतो तिथे, एअर शाफ्टवर कोअर चढवायचं मशीन बसवलं, त्याला आता अख्खा पावसाळा उलटला. कोअर म्हणजे ज्यावर रोल गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी; एअर शाफ्ट म्हणजे हवा भरली की त्या नळ्या आतून घट्ट धरणारा दांडा. खानापूर, निपाणीकडचे काही जण घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्वी या कामाला दोघं लागायचे. एकानं शाफ्ट सांभाळायचा, दुसऱ्यानं एकेक कोअर सरकवत पट्टीनं माप घ्यायचं. अरुंद लेबलचा जॉब असला की तोवर स्लिटर उभा. आता आधीचे रोल गुंडाळले जात असतानाच पुढचे कोअर ट्रेमध्ये रचून होतात. पुशर सगळी रांग शाफ्टवर चढवतो, लेसरची रेघ बघून जागा जुळवायची आणि हवा भरायची. एकटा माणूस करतो. आमच्या जुन्या ऑपरेटर मामांची कंबर वाचली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

खरी परीक्षा जुलैत झाली. बेळगावच्या पावसात पुठ्ठ्याचे कोअर ओल धरतात, गोलाई बिघडते. तीन इंची कोअरचं आतलं माप साधारण 76 मिमी, आणि हवा सोडलेला शाफ्ट त्याहून जेमतेम बारीक. हाताला अडखळ लागली की माणूस कोअर जरा फिरवून घेतो; पुशर ढकलतच राहतो. पुढचा अडकला की मागच्यांच्या कडा चेपतात. पुशरच्या सिलिंडरचं प्रेशर रेग्युलेटरनं उतरवल्यावर नुकसान बरंच थांबलं. कोअर कापायच्या कटरचं पातं बोथट झालं तर कोअरच्या आतल्या कडेला कागदाची कुसं राहतात, तीही अडतात. मामा आता प्रत्येक गठ्ठ्यातला एखादा कोअर उचलून आतून अंगठा फिरवतात. खरखर लागली की तो गठ्ठा बाजूला.

शाफ्टचे लग, म्हणजे हवा भरली की बाहेर येऊन कोअर धरणारे दाते, हवा सोडल्यावर पूर्ण आत बसतात का, तेही बघत चला. एअर लाइनच्या फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात रोज काढावं लागतं.

एक तक्रार आहे. स्क्रीनवरचे अलार्म फक्त इंग्रजीत. आमची पोरं मराठी-कन्नड वाचणारी. शेवटी दोन्ही भाषांत कागद छापून पॅनेलवर चिकटवला. हे मशीन बनवणाऱ्यानंच करायला हवं होतं. सुट्या भागांची मात्र अडचण नाही, सील आणि सेन्सर गावातच मिळाले.

शाफ्टवर एक-दोनच रुंद कोअर लावत असाल तर घेऊ नका, पैसे वसूल होणार नाहीत. अरुंद रोल आणि दिवसातून अनेकदा जॉब बदलत असेल तर जरूर घ्या. फक्त ट्रायलला त्यांचे कोरे करकरीत कोअर लावू देऊ नका; आपल्याच गोडाऊनमधले, पावसात पडून राहिलेले घेऊन जा.